अठरानंतरची तेहतीस वर्षं

माझा दादा ५१ वर्षांचा आहे आणि गल्लीत त्याला अजून सगळे ‘बाळ’ म्हणतात. त्याच्या निम्म्या वयाची पोरंसुद्धा. प्रेमानेच म्हणतात. नळावर त्याला घागर उचलू लागतात, गणपतीत आरतीचं ताट आधी त्याच्या हातात देतात. म्हणून या हाकेला मी कधी हरकत घेतली नाही. पण आई गेल्यानंतरच्या चार वर्षांत दादाचे कागद घेऊन मी जिथे जिथे गेले, तिथे हीच हाक वेगळ्या रूपात ऐकली. ‘मुलाला घेऊन या.’ ‘मुलाची शाळा कुठली?’ ‘मुलांसाठी योजना आहेत ताई, मोठ्यांचं आमच्याकडे काही नाही.’ बौद्धिक दिव्यांग माणूस म्हणजे मूल, हे आपण इतकं गृहीत धरलंय की त्याला अठरा पुरी झाल्यावर पुढे काय, हे कुणी ठरवलेलंच नाही. दादाची अठरानंतरची तेहतीस वर्षं अशीच, कुणी काही न ठरवता गेली.

दादाला डाऊन सिंड्रोम आहे, म्हणजे जन्मतःच एक गुणसूत्र जास्त; त्याने बुद्धीची वाढ मंद होते. १९७४ साली तो झाला तेव्हा डॉक्टरांनी आईला सांगितलं होतं, पंधरा वर्षं काढली तरी खूप समजा. डॉक्टरांचं फार चुकलं नव्हतं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला पाश्चात्त्य देशांतसुद्धा या माणसांचं सरासरी आयुष्य २५ वर्षांच्या आसपास होतं. यातल्या जवळजवळ निम्म्या बाळांच्या हृदयात जन्मतःच दोष असतो. त्यावर शस्त्रक्रिया होऊ लागल्या, संसर्गावर वेळेत उपचार मिळू लागले, आणि तिथलं सरासरी आयुष्य आता ६०च्या घरात गेलं. माणसांच्या एखाद्या समूहाचं आयुष्य एका पिढीत दुपटीहून वाढावं, ही केवढी मोठी गोष्ट! पण ही वाढलेली वर्षं कुठे, कुणाबरोबर, काय करत काढायची याचा विचार त्या वेगाने झाला नाही. आपल्या योजना आणि आपली भाषा अजून त्या पंधरा वर्षांच्या अंदाजावरच चालतात.

लहानपणासाठी काहीच नाही असं मी म्हणणार नाही. २०१३पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्या आणि शाळांमधून मुलांची तपासणी होते, जिल्ह्याच्या ठिकाणी लहान वयातच अडचण ओळखून उपचार करणारी शीघ्र हस्तक्षेप केंद्रं उभी राहिली आहेत. गोव्याने २००८मध्येच नवजात बाळांची रक्ततपासणी सरकारी खर्चाने सुरू केली. थायरॉईडची जन्मजात कमतरता पहिल्या काही आठवड्यांत सापडली, तर रोजच्या एका स्वस्त गोळीने बाळाच्या बुद्धीचं नुकसान टळतं. आपल्या राज्यात प्रत्येक प्रसूतिगृहात ही तपासणी सक्तीची हवी, यावर वाद घालण्यासारखं काही नाही. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिलाय. अंमलबजावणी कशीही असो, निदान भांडायला कागदावर कलम आहे.

अठराव्या वाढदिवसानंतर भांडायला ते कलमही उरत नाही. शाळा सुटते, बहुतेक ठिकाणी तिच्याबरोबर रोजचं बाहेर पडणं सुटतं, मित्र सुटतात, आठवड्यातून एकदा भेटणाऱ्या वाचाउपचार ताई सुटतात. ज्या मुलीने बारा वर्षं खपून बसने जाणं, पैसे मोजणं, आपला डबा आपण भरणं शिकून घेतलं, ती घरी बसून दोन वर्षांत ते विसरते. मग लोक म्हणतात, शाळेचा काही उपयोग झाला नाही हो.

महाराष्ट्रातल्या संस्थांचा इतिहास बघितला की एक गोष्ट लक्षात येते. मुंबईत शिवडीची जय वकील शाळा १९४४ साली निघाली, ती एका दाम्पत्याने स्वतःच्या मुलीसाठी काढली म्हणून. नाशिकला रजनीताई लिमयांनी १९७७मध्ये प्रबोधिनी ही अशीच शाळा सुरू केली, त्यामागेही घरातला मुलगाच होता. पुढे ही पिढी मोठी झाली तेव्हा पालकांनाच कार्यशाळा काढाव्या लागल्या. त्याहीपुढे आईबाप थकले, तेव्हा डोंबिवलीजवळ खोणीला ‘घरकुल’ आणि बदलापूरला ‘आधार’ अशा मोठ्या माणसांच्या निवासी संस्था उभ्या राहिल्या. त्याही पालकांच्याच. मूल ज्या वयात पोचलं, त्या वयाची संस्था आईबापांनी स्वतः बांधायची, आणि सरकारने नंतर जमलं तर अनुदान द्यायचं, असा हा क्रम आहे. या माणसांविषयी मला मनापासून आदर आहे. त्यांनी पोटच्या लेकराबरोबर शेकडो परक्या मुलांना पोटाशी घेतलं. पण हा क्रम चालू राहण्यासाठी पालकाकडे शिक्षण हवं, वेळ हवा, चार ओळखी हव्यात, आणि सेवानिवृत्तीनंतर जमीन शोधत फिरण्याइतकी ताकद हवी. माझे वडील यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते. बारा तासांची पाळी करून घरी आलेल्या माणसाने संस्था कधी काढायची?

आणि ज्यांना पालकच नाहीत त्यांचं? अमरावती जिल्ह्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेल्या, बेवारस दिव्यांग मुलांना आसरा दिला, वडील म्हणून स्वतःचं नाव दिलं. २०२४मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सगळीकडे सत्काराच्या बातम्या आल्या. शंकरबाबा मात्र किती वर्षं एकच मागणी करताहेत, की अठरा वर्षं पूर्ण झाली म्हणून बालगृहातून या मुलांना बाहेर काढू नका, त्यांच्या कायमच्या पुनर्वसनाचा कायदा करा. अठराव्या वर्षी बालगृहाचं दार बंद होतं, हा नियम धडधाकट मुलालाही जाचतो. ज्या मुलीला आपलं गाव सांगता येत नाही, तिने त्या दिवशी पिशवी घेऊन कुठे जायचं असतं, याचं उत्तर नियम लिहिणाऱ्याने द्यायला हवं. सत्कार करून मागणी बाजूला ठेवणं मला फार वाईट वाटतं.

आता ‘मूल’ या शब्दाकडे परत येते, कारण तो शब्द नुसता जुना नाही, घातक आहे.

फेब्रुवारी १९९४मध्ये शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या बौद्धिक दिव्यांग मुलींना आणि बायकांना पुण्याला ससून रुग्णालयात आणून त्यांची गर्भाशयं काढली. अकरा जणींची काढून झाली, तेव्हा बाहेर आरडाओरडा झाला आणि पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. कारण दिलं होतं पाळीच्या स्वच्छतेचं. यांना पाळी सांभाळता येत नाही, मग पाळीच नको. तेव्हा वर्तमानपत्रांतून जो वाद झाला, त्यात चांगली शिकलेली माणसंही शस्त्रक्रियांची बाजू घेत होती. मी तेव्हा कॉलेजात होते आणि आमच्या घरात आई त्या बातम्या वाचून रडली होती, हे मला आठवतंय. दादा मुलगा होता म्हणून तो प्रश्न आमच्या दारात आला नाही, एवढंच. पाळीची सवय लावता येते. चित्रांचा तक्ता, ठरलेली जागा, ठरलेली वेळ आणि महिनोन्‌महिने न कंटाळता शिकवणारं माणूस लागतं. गर्भाशय काढायला अर्धा दिवस पुरतो. माणूस नेमण्याऐवजी अवयव काढण्याचा विचार आपल्या मनाला शिवू शकला, कारण त्या बायका आहेत हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. त्या ‘मुली’ होत्या.

त्यानंतर पंधरा वर्षांनी, २००९मध्ये, सर्वोच्च न्यायालयापुढे चंडीगडचं प्रकरण आलं. सरकारी आश्रयगृहात राहणाऱ्या, सौम्य बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या एका तरुणीवर तिथेच बलात्कार झाला आणि तिला दिवस गेले. उच्च न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिला. तिला मात्र मूल हवं होतं. सुचिता श्रीवास्तव विरुद्ध चंडीगड प्रशासन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तिची इच्छा मानली. तिचं वय कायद्याने सज्ञानाचं आहे, तिच्या संमतीशिवाय गर्भपात करता येणार नाही, असं सांगितलं. ते मूल ती एकटी कसं वाढवेल हा प्रश्न खराच होता. पण त्याचं उत्तर तिला मदत पुरवणं हे आहे. तिच्या वतीने दुसऱ्या कुणी ‘नको’ म्हणणं हे उत्तर नाही.

सज्ञान माणसाच्या वतीने कुणी बोलायचं, यावर आपल्याकडे आज दोन कायदे दोन दिशांना ओढतात. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली (न्यास ही अशा दिव्यांगांसाठीची केंद्र सरकारची संस्था) जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमते. आईबाप हे पालकपत्र जिवापाड जपतात, आणि का जपतात हे मला कळतं. २०१६चा कायदा मात्र मर्यादित पालकत्वाची गोष्ट करतो. त्यात पालकाने त्या माणसाबरोबर बसून, त्याच्या मर्जीप्रमाणे, ठरावीक कामापुरता आणि ठरावीक काळापुरता निर्णय घ्यायचा असतो. हा विचार दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या २००६च्या आंतरराष्ट्रीय कराराला धरून आहे. भारताने त्या कराराला २००७मध्ये मान्यता दिली आहे. माझ्या मते दुसरी वाट बरोबर आहे. आपल्या अनेक पालक मित्रांना ही वाट पटत नाही. ‘त्याला काय कळतंय’ असं ते म्हणतात, आणि फसवणुकीची भीती घालतात. फसवणूक होते, मी नाकारत नाही. पण सगळे निर्णय एका पालकाच्या हातात दिल्यावर तो पालकच फसवणार नाही याची खात्री कोण देणार? जमिनीच्या वाटणीत अशा भावाच्या नावावरचा हिस्सा कसा गायब होतो, हे गावोगाव माहीत आहे.

दादाचं बँकेत खातं आहे. वडिलांनी ते वीस वर्षांपूर्वी, ओळखीच्या व्यवस्थापकाच्या मदतीने, दादाच्या सहीवर उघडलं होतं. आई गेल्यावर आम्ही पैसे काढायला गेलो तर खिडकीवरच्या बाईंनी सही जुळत नाही म्हणून स्लिप परत दिली. त्या सारख्या माझ्याशी बोलत होत्या. दादा शेजारी उभा. मी म्हटलं, खातं त्याचं आहे, त्याला विचारा. त्या म्हणाल्या, ‘यांना काय विचारू? पालकपत्र आणा.’ दादाने तेवढ्यात खिशातून पासबुक काढून त्यांच्यापुढे धरलं, फोटोवर बोट ठेवलं आणि म्हणाला, ‘मी.’ याहून स्पष्ट ओळख कशी द्यायची असते, मला ठाऊक नाही. पालकपत्र मिळवायला आम्हाला पुढे सात महिने लागले. त्या काळात त्याचे स्वतःचे पैसे त्याला मिळाले नाहीत.

त्याच्या प्रमाणपत्रावर ७५ टक्के लिहिलंय. बुद्ध्यंक आणि रोजच्या व्यवहाराची चाचणी घेऊन हा आकडा ठरतो. सौम्य, मध्यम, तीव्र, अतितीव्र अशा पायऱ्यांना ५०, ७५, ९०, १०० टक्के ठरलेले आहेत. सवलतींसाठी आकडा लागतो, हे मान्य. पण या कागदावरून कुणाला काही सांगता येतं का? दादा स्वतः अंघोळ करतो, पाणी किती गरम आहे ते त्याला कळत नाही. दुकानातून दूध आणतो, उरलेले पैसे मोजता येत नाहीत. अनोळखी माणसासमोर बोलत नाही, लहान मुलांना तासन्‌तास खेळवतो. त्याला मदत नेमकी कुठे लागते आणि कुठे लागत नाही, एवढं एका पानावर लिहून ठेवायला यंत्रणेत जागाच नाही. परदेशी मॉडेल सांगायची गरज नाही, आपली आशाताई प्रत्येक गरोदर बाईची वही ठेवते की! तशीच एक वही प्रत्येक बौद्धिक दिव्यांग माणसाची असावी. जन्मापासूनची, दर पाच वर्षांनी नव्याने बघितलेली. आणि ती बघणारं, तालुक्याला नेमलेलं एक पगारी माणूस असावं, जे शाळा सुटायच्या दोन वर्षं आधी घरी येऊन विचारेल, पुढे काय ठरवलंय? माझी सगळी मागणी या एका माणसापाशी सुरू होते. इमारतींचा नंबर नंतर.

कामाचं सांगते. दादा शाळेत फार गेला नाही. वीस-एकवीस वर्षांचा असताना गल्लीतल्या एका कारखानदार काकांनी त्याला बोलावून घेतलं. मागावर धोट्यात सुताची कांडी असते, ती संपली की बदलावी लागते. दादा रिकाम्या कांड्या गोळा करायचा, रंगाप्रमाणे लावायचा, भरलेल्या कांड्यांचा डबा मागापाशी नेऊन ठेवायचा. पगार कमी होता, पण आठवड्याच्या आठवड्याला, बाकीच्यांबरोबर रांगेत उभं राहून मिळायचा. कामगार त्याची थट्टा करायचे, तोही करायचा. चहाच्या सुट्टीत त्याची जागा ठरलेली होती. सतरा वर्षं त्याने ते काम केलं. मग काकांच्या मुलाने जुने माग भंगारात काढून शटललेस, म्हणजे बिनधोट्याचे, माग आणले. त्यात कांडी नाही. दादाचं काम गेलं, आणि तसं ते आणखी कितीतरी बायकांचंही गेलं, ज्या कांड्या भरायच्या. दुसऱ्या कामगारांनी दुसरं काही शोधलं. दादा आठवडाभर सकाळी डबा घेऊन कारखान्याच्या दारात जाऊन उभा राहत होता.

मला यातून दोन गोष्टी दिसतात. जिथे काम साधं, तुकड्यातुकड्यांचं आणि ओळखीच्या माणसांत होतं, तिथे कुठलीही योजना नसताना या माणसाला जागा मिळाली. शेतीत, गोठ्यात, वीटभट्टीवर, मठातल्या भटारखान्यात अशी हजारो माणसं आजही राबतात आणि कुठल्याच आकडेवारीत दिसत नाहीत. पण ती जागा कुणाच्या तरी भलेपणावर टिकते, आणि यंत्र बदललं की पहिली तीच जाते. दुसरी गोष्ट सरकारी आरक्षणाची. कायद्यात ४ टक्के आरक्षण आहे. त्यातला १ टक्का बौद्धिक दिव्यांग, स्वमग्न, अध्ययन अक्षम, मानसिक आजार असलेले आणि एकाहून जास्त दिव्यांगत्वं असलेले यांना मिळून आहे. दारात लेखी परीक्षा असेल तर त्या १ टक्क्यातून दादासारख्याला काय मिळणार? कार्यालयातल्या फायली लावणं, रोपवाटिकेत पिशव्या भरणं, दवाखान्यात चादरींच्या घड्या करणं, ही कामं परीक्षेने ठरत नाहीत. महिनाभर करून बघितल्यावर ठरतात.

कार्यशाळांविषयी थोडं कडू बोलते. दिवाळीला आपण त्यांच्या पणत्या, उटणं, आकाशकंदील घेतो. घ्यावेतच. पण बनवणाऱ्याला महिन्याला काय मिळतं, हे आपण विचारत नाही. पुष्कळ ठिकाणी ते ‘मानधन’ असतं, खाऊच्या पैशांएवढं. वस्तू चांगली असेल तर पूर्ण दाम आणि कामाची पूर्ण मजुरी, हा हिशोब का नको? मुंबईत जुहूला ‘अर्पण’ नावाचं कॅफे बौद्धिक दिव्यांग तरुण-तरुणी चालवतात. तिथे येणारा गिऱ्हाईक जेवण चांगलं म्हणून येतो आणि पैसे देऊन जातो. हे असं मोठ्या शहरापुरतं राहू नये.

घराचा प्रश्न सगळ्यांत अवघड. ‘आमच्या माघारी याचं काय?’ हे वाक्य या प्रत्येक घरात रोज मनात म्हटलं जातं. त्यावर सुचतं ते एकच उत्तर, एखादं मोठं वसतिगृह. गावाबाहेर जमीन स्वस्त मिळते, देणगीदाराला इमारतीवर नाव हवं असतं, आणि शंभर जणांना एका आवारात सांभाळणं सोपं वाटतं. मला त्या आवाराची भीती वाटते. २०११मध्ये पनवेलजवळ कळंबोलीच्या एका वसतिगृहातले मतिमंद मुलींवरचे अत्याचार बाहेर आले. २०१३मध्ये सत्र न्यायालयाने शिक्षाही सुनावल्या. तक्रार करायला शब्द नसलेली माणसं आणि बंद फाटक एकत्र आलं की काय होऊ शकतं, हे आपण बघितलंय. चांगल्या संस्था आहेत, वर मी नावंही घेतली. तिथे पालक स्वतः ये-जा करतात, म्हणून त्या चांगल्या आहेत. पुढच्या पिढीत ते पालक नसतील तेव्हा?

राष्ट्रीय न्यासाच्या यादीत ‘घरौंदा’ ही प्रौढांच्या निवासाची योजना आहे, दिवसभराच्या केंद्रासाठी ‘विकास’ आहे, आणि ‘निरामय’ हा एक लाख रुपयांचा आरोग्य विमा आहे. दादाला निरामयचा उपयोग झाला, हे कृतज्ञतेने सांगते. पण पहिल्या दोन योजनांचं केंद्र आमच्यापासून जवळ कुठेच नाही. मला हवंय ते लहान घर. चार-पाच जणांचं, वस्तीतलं, ज्याच्या दारातून भाजीवाली जाते आणि ज्याच्या खिडकीतून आत दिसतं. दोन पाळ्यांत राहणारी दोन माणसं, पगार नीट, रजा नीट. ज्यांना आपल्याच घरात राहायचंय त्यांच्या घरी रोज चार तास येणारं माणूस.

इथे हमखास म्हणतात, आपल्याकडे कुटुंब आहे ना, पाश्चात्त्यांसारखं कशाला? कुटुंब म्हणजे कोण, ते जरा मोजावं. आमच्या घरी आधी आई होती, आता मी आहे. शेजारच्या गल्लीत एक वहिनी आहेत, नवऱ्याच्या बहिणीला बावीस वर्षं न्हाऊमाखू घालताहेत. त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. कुटुंब म्हणताना आपण एका बाईचं नाव न घेता तिचं आयुष्य खर्ची टाकतो. आणि मोठी भावंडं आता पुण्यात, दुबईत, कॅनडात आहेत. व्हिडिओ कॉलवरून अंघोळ घालता येत नाही.

पैशाचं म्हणाल तर संजय गांधी निराधार योजनेत महिना दीड हजार मिळत होते. २०२५मध्ये दिव्यांगांसाठी ते अडीच हजार करण्याचा निर्णय झाला. आनंद आहे. दिवसपाळीला येणाऱ्या मावशींना मी महिना बारा हजार देते, आणि त्यांनाही ते पुरत नाहीत. पण पैसा मुळीच नाही असंही नाही. महापालिका, नगरपालिका, ग्रामपंचायती यांनी आपल्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे, असा शासनाचा आदेश आहे. मार्च जवळ आला की हा निधी आठवतो. मग कधी थोडी थोडी रोख रक्कम वाटतात, कधी वस्तू. आमच्या गावात एका वर्षी मिक्सर वाटले होते. आम्ही काही पालक आणि भावंडं मिळून अर्ज घेऊन गेलो, की हे पैसे वाटू नका, मोठ्यांसाठी दिवसभराचं एक केंद्र चालवा आणि दोन माणसं पगारावर नेमा. साहेबांनी अर्ज वाचला, बरं बोलले, आणि म्हणाले, मुलं किती आहेत ते लिहा. माझ्या शेजारी बसलेल्या आजींची ‘मुलगी’ एकोणपन्नास वर्षांची आहे.

म्हातारपणाविषयी तर कुणीच बोलत नाही. डाऊन सिंड्रोममध्ये २१व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते, आणि अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या प्रथिनाचा जनुक नेमका त्याच गुणसूत्रावर आहे. त्यामुळे स्मृतिभ्रंश यांना फार लवकर, पन्नाशीतच गाठतो. साठीपर्यंत निम्म्याहून जास्त जणांना. दादा गेल्या वर्षी देवळातून घरी येताना वाट चुकला. रात्री उठून कपडे घालून बसायला लागला. ज्या डॉक्टरांना दाखवलं ते म्हणाले, ‘यांच्यात असं चालायचंच.’ हे वाक्य घेऊन कुणीही घरी परत जाऊ नये, म्हणून मुद्दाम लिहिते. आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी थायरॉईड तपासला, डोळे आणि कान तपासले. थायरॉईड बराच कमी निघाला, एका डोळ्यात मोतीबिंदू निघाला. औषध सुरू झाल्यावर दादा पुष्कळ सावरला. सगळा नाही. विसरणं थोडं उरलंय आणि ते वाढणार, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी दोन वृद्धाश्रमांत चौकशी केली, ते म्हणाले असे रुग्ण आम्ही घेत नाही. एका विशेष संस्थेत विचारलं, तर नवीन प्रवेशाला वयाची अट चाळिशीची. दादा दोन्हीकडे बसत नाही. माझं वय सत्तेचाळीस आहे, गुडघे आत्ताच दुखतात.

म्हणून ती वही मीच सुरू केलीय, पगारी माणूस नेमलं जाईपर्यंत. पहिल्या पानावर त्याचं शाळेत घातलेलं पूर्ण नाव आहे. पुढे औषधं, पाणी किती गरम, उजवा कान कमी ऐकतो, विजा कडाडल्या की हात धरून बसावं लागतं, नवीन माणसाने आधी त्याच्याशी बोलावं आणि मग माझ्याशी. एक पान त्याला विचारून भरलं. मी नसले तर कुठे राहशील, हे विचारायला मला तीन दिवस लागले. त्याला क्षणही लागला नाही. ‘इथं. गल्लीत.’ आणि कोण हवं बरोबर? त्याने कारखान्यातल्या एका जुन्या मित्राचं नाव घेतलं, मग वर बोट दाखवून आईचं. मी जसंच्या तसं लिहिलं आणि वाचून दाखवलं. त्याने माझ्या हातातून पेन घेतलं, खाली सावकाश सही केली, पेन परत माझ्यापुढे धरलं आणि म्हणाला, ‘आता तुझी.’